कंटेंट तोच आहे

"काका, कंटेंट तोच आहे," नजमा तांबोळी म्हणाली
आणि धनकवडीतल्या त्या कपाटाएवढ्या दुकानात
काउंटरवर पट्टी ठेवली. दहा गोळ्या, अकरा रुपये.
शेजारी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडे शोधत होता.

मी पट्टी उलटी केली. चष्मा वर सरकवून वाचलं.
औषधाचं खरं नाव, लांबलचक, जीभ अडखळेल असं,
इथं ठळक, पाटीसारखं.
आमच्या पट्टीवर ते तळाशी असायचं,
मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं,
आणि वर आमचं नाव, तीन अक्षरी, तोंडात बसणारं,
निळ्यावर पांढरं.

आमचं म्हणजे कंपनीचं.
एकतीस वर्षं मी ते नाव पुण्यात फिरवलं.
सोमवारी कर्वे रस्ता, मंगळवारी बिबवेवाडी,
गुरुवारी हडपसर, पार गाडीतळापर्यंत,
टाय घालून, स्कूटरवर, मे महिन्यात.
दवाखान्यांबाहेर उभा असायचो. उभाच.
खुर्च्या पेशंटच्या, हे कुणी सांगावं लागत नसे.
आत पावणेदोन मिनिटं:
"सर, अर्ध्या तासात आराम. सर, पोटाला सौम्य.
सर, या महिन्यात तुमची प्रिस्क्रिप्शनं जरा कमी दिसतात."
मग पेन. मग डायरी. दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ,
आणि डॉक्टर आपटीकरांना सहकुटुंब बँकॉक,
त्याला आम्ही परिषद म्हणायचो.

एकदा कारखाना दाखवायला नेलं आम्हाला.
डोंगराखाली पत्र्याची लांब शेड, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या.
पोत्यातून ज्वारी ओतावी तशा गोळ्या येत होत्या.
मध्येच मशीन थांबलं.
एका पोऱ्यानं फॉइलचा निळा रोल काढला,
दुसऱ्या कुठल्या कंपनीचा हिरवा चढवला.
मशीन सुरू. तोच साचा, तीच गोळी.
मी शेजारच्या कुलथेकडे पाहिलं.
कुलथे विचारत होता, जेवायला काय आहे.

म्हणजे मला माहीत होतं. एवढं सांगून टाकतो.

लोक म्हणायचे, शोधाला खर्च येतो.
येतो ना. पण हे औषध शोधणारे कुठले लांबचे लोक,
त्यांचं देणं केव्हाच फिटलं होतं.
आमच्या एकशे अठ्ठ्याऐंशी रुपयांत
माझं पेट्रोल होतं, ते घड्याळ होतं,
बँकॉकच्या समुद्राकडच्या खोलीचं भाडं,
माझ्या साहेबाचा साहेब, त्याचा ड्रायव्हर,
ऋताच्या शाळेची फी, फ्लॅटचे हप्ते.
सासवडहून एसटीनं आलेली एखादी बाई
कमरेवर हात ठेवून मुथांच्या मेडिकलमध्ये म्हणायची,
"चारच द्या." मुथा पट्टी कापायचे.
त्या कात्रीच्या आवाजात
थोडी भागीदारी माझीही होती.

घरी येऊन अकरा रुपयांतली एक गोळी घेतली.
गुडघा ठणकतच राहिला. डावा.
किक मारायचा नव्हे, दारात उभं राहताना
ज्याच्यावर भार टाकायचो तो.
मी घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास. पाऊण.
"आपली असती तर..." मनात आलं,
आणि इतक्या मोठ्यानं हसलो
की कुमुद पोळी लाटायची थांबून बाहेर आली.
रोज अठरा डॉक्टरांना ऐकवलेलं ते सगळं
नेमकं कुणाला पटलं होतं, ते कळलं.

रात्री केव्हातरी दुखायचं थांबलं असणार.
सकाळी दोन जिने उतरून, दुधाची पिशवी घेऊन
फाटकापाशी आलो, तेव्हा लक्षात आलं
की आज गुडघ्याला न विचारताच उतरलो.

दुपारी पुन्हा गेलो, वरच्या मजल्यावरच्या जांभेकरबाईंसाठी.
"या गोळीचा माणूस येतो का गं तुझ्याकडे?"
"कसला माणूस?" नजमा म्हणाली,
आणि वीसच्या नोटेवर
एक रुपया सुटा मागितला.